‘आवाज नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना

उंब्रजच्या बाजारपेठेतल्या निम्म्या पोरांना ज्यांनी कॅमेरा धरायला शिकवला, असे आमचे एक ज्येष्ठ स्टुडिओवाले स्नेही आहेत. परवा चहाच्या गाड्यावर एक नवशिका पोरगा त्यांना आपला नवा माइक दाखवायला आला. पहिल्या लग्नसराईच्या कमाईतून घेतलेला, कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा साधा कॉलर माइक. स्नेह्यांनी तो चिमटीत धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “कंपनीनं कॅमेऱ्यात माइक दिलाय तो काय शोभेला? हेच पैसे लेन्समध्ये घातले असतेस तर दिसलं तरी असतं. लग्नात शेवटी गाणंच टाकायचं असतंय. आणि राहिलंच काही तर एडिटिंगला साफ होतंय की.” पोरानं माइक परत डबीत घातला, डबी पिशवीत घातली.

मी शेजारीच होतो आणि गप्प बसलो. वयाचा मान. शिवाय त्यांनी माझंही एकदोनदा भलं केलेलं आहे. पण ते ज्याच्या भरवशावर बोलत होते तो एडिटिंगवाला मीच. कऱ्हाड, पाटण आणि सातारा तालुक्यांतले बरेच फोटोग्राफर शूटिंग करून पेनड्राइव्ह माझ्याकडे टाकून जातात. दुसऱ्यांनी टिपलेलं वर्षाकाठी शेकडो तास मी हेडफोन लावून ऐकतो. काय साफ होतं आणि काय होत नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. म्हणून तेव्हा बोललो नाही ते इथे बोलतो.

‘कंपनीनं माइक दिलाय’ इथूनच सुरू करू. दिलाय, आणि तो वाईटही नाही. अडचण त्याच्या दर्जाची नसून जागेची आहे. तो कॅमेऱ्याच्या अंगात बसवलेला असतो आणि बोलणारा माणूस असतो तिकडे लांब. चित्राला झूम आहे, आवाजाला नाही. तुम्ही दहा फुटांवरून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी पडदाभर दाखवू शकता, पण माइक आहे तिथेच, दहा फुटांवर राहतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबलनं घसरतो. छातीवर लावलेला माइक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर धरा. कॅमेरा 320 सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण साडेदहा फुटांवर. 20 चे 40, 40 चे 80, 80 चे 160, 160 चे 320. चारदा दुप्पट झालं, म्हणजे दाब सोळावा हिस्सा उरला. जनरेटर, पंखे, पंगतीतला गलका मात्र होता तेवढाच राहतो. कार्यालयाचा पत्रा आणि खालची फरशी तोच आवाज चारचौघांत उडवून पुन्हा माइकवर आणून टाकतात ते वेगळं. पाच हजारांचा कॅमेरा असो की पाच लाखांचा, हा हिशेब बदलत नाही.

त्यात अंगातल्या माइकला सगळ्यात जवळचं कोण? खुद्द कॅमेरा. लेन्सची मोटर फोकस शोधताना करते ती किरकिर, रिंग फिरवणारं बोट, पट्ट्याची कडी, आणि चित्रीकरण करणाऱ्याचं “ओ पाहुणं, जरा बाजूला व्हा.” हे शेवटचं वाक्य मला प्रत्येक लग्नात स्वच्छ ऐकू येतं. नवऱ्यामुलाच्या वडिलांचं एकही येत नाही.

आणखी एक खोड. कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय चालू असते; बहुतेकांनी ती कधी बंद करून पाहिलेली नसते. शेवटचं ‘सावधान’ होतं, अक्षता पडतात, बँजो कडाडतो. यंत्र घाबरून पातळी एकदम खाली ओढतं. बँजो थांबतो, मुलीचा मामा काहीतरी बोलतो, त्याचे पहिले शब्द गिळले जातात. मग क्षणभर शांतता, की लगेच पातळी वर चढते आणि मागच्या जनरेटरची घरघर छाती काढून पुढे येते. मी टाइमलाइनवर ती लाट बघतो तेव्हा मामा कुठे बोलला ते मला दिसतं. ऐकू येत नाही.

आता ‘लग्नात गाणंच टाकायचं असतंय’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं, कारण ते वर्तुळात फिरतं. मूळ आवाज ऐकवण्यासारखा नसतो म्हणून त्यावर गाणं टाकतात, आणि गाणंच टाकायचं असतं म्हणून मूळ आवाज नीट घेत नाहीत. पहिलं पाऊल कुणीतरी उलट टाकायला हवं की नको? आमच्याकडे मंगलाष्टका नुसते भटजीच म्हणत नाहीत. आत्या, मावशा, शाळेतल्या बाई स्वतः रचून आणतात, त्यात दोन्ही घरांतल्या आजोबा-पणजोबांची नावं गुंफलेली असतात. महिनाभर कागद घेऊन पाठ केलेलं असतं. त्याच्यावर आपण सिनेमातलं गाणं लावतो. मग कौतुकानं तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की गाण्याच्या मालकाचा दावा येतो, कधी आवाजच बंद केला जातो. मावशीही गेली आणि गाणंही गेलं.

उलटा पुरावा हवा असेल तर कीर्तनांचे व्हिडिओ बघा. एकच कॅमेरा, तोही तिपाईवर ठोकलेला. उजेड पिवळा, मागे बॅनर सुरकुतलेला. चित्र म्हणून त्याला कुणी पास करणार नाही. तरी लोक तास-दीड तास ऐकतात, ट्रॅक्टरवर लावून ऐकतात. कारण तिथे महाराजांच्या तोंडापुढचा माइक असतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर थेट रेकॉर्डिंगला घेतलेली असते. चित्र वाईट असलं तरी माणूस बसतो, आवाज वाईट असला की उठतो. घरोघरच्या बाया भाकरी थापता थापता मालिका बघतात असं आपण म्हणतो, पण त्यांची पाठ टीव्हीकडे असते. त्या ऐकतात.

‘एडिटिंगला साफ होतंय’ हे माझ्या अन्नाचं वाक्य आहे, तरी मी त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. पंख्याची एकसुरी घरघर मी काढू शकतो. विजेच्या तारेची गुणगुण काढू शकतो. पण आवाज फाटला असेल, म्हणजे पातळीच्या वर जाऊन त्याचे शेंडे कापले गेले असतील, तर त्या फाटक्याला ठिगळ नीट बसत नाही. हॉलचा घुमारा शब्दांत मुरला असेल तर तो दुधातल्या पाण्यासारखा. आता नवीन उत्तर निघालंय, ‘एआय करतंय’. करतंय, मी वापरतोही. पण ते काय करतं ते समजून घ्या. आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो, व्यंजनं दुबळी असतात. लांबून आणि घुमाऱ्यात आधी व्यंजनं मरतात. काठ, गाठ, पाठ, माठ यांतला ‘आ’ सगळीकडे पोहोचतो आणि पहिलं अक्षर वाटेत पडतं. जे अक्षर माइकपर्यंत आलंच नाही ते यंत्र कुठून आणणार? ते अदमासानं घालतं. बातमीच्या छापील मराठीत अदमास एकवेळ जमेल. तारळे खोऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या बोलीत ‘काठ’ म्हणाला की ‘गाठ’, हे यंत्रानं ठरवायचं आणि मी ते त्याच्या तोंडी घालायचं? मग तो व्हिडिओ त्या म्हाताऱ्याचा उरत नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील हा दुसऱ्यांनाच शहाणपणा शिकवतो. पुतणीच्या लग्नात घाणा भरताना आमच्या थोरल्या आत्यानं जात्यावर ओव्या म्हटल्या. घरचं लग्न, कॅमेरा माझ्याच हातात. दारातून, बारा फुटांवरून, अंगातल्या माइकवर मी ते टिपलं. वर पंखा, बाजूच्या खोलीत मिक्सर, अंगणात मांडववाल्यांची ठोकाठोक. चित्र असं आलं की काय सांगू; दाराच्या उजेडात आत्याचा चेहरा, जात्याच्या खुंट्यावरचा हात, पिठाचा धूर. महिन्यानं टीव्हीवर लावून दाखवलं. आत्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “आरं, मी नुसतं तोंडच हालवतीया व्हय?”

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा तसाच एक कॉलर माइक नेला. पंखा बंद, फ्रिज बंद, माइक लुगड्याच्या काठाला, तोंडापासून वीतभर खाली. आत्यानं वीसेक ओव्या म्हटल्या, शब्दन् शब्द लागतो. पण ती मध्ये मध्ये अडखळली. म्हणाली, जात्याशिवाय पुढची ओवी हाताला येत नाही. म्हणजे दुसऱ्यांदा मला आवाज मिळाला आणि प्रसंग निसटला. आजही माझ्याकडे दोन फाइली आहेत, एकीत आत्या दिसते, दुसरीत ऐकू येते.

ज्यांना हे एका घरातलं रडगाणं वाटेल त्यांनी गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवावं. गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतरवून घेतल्या. त्यातल्या काही हजारच आवाजासकट उरल्या आहेत, बाकीच्या कागदावर. कागदावरची ओवीही मोलाचीच. पण आवाजातली ऐकली की कळतं, शब्द कुठे लांबवलाय, कुठे हुंदका गिळलाय. त्या काळी यंत्रं न्यायची म्हणजे केवढा खटाटोप. आज खिशात मोबाइल आहे, वर हजाराच्या आतबाहेरचा माइक, आणि आपण म्हणतो नंतर बघू.

‘सिनेमा हे डोळ्यांचं माध्यम आहे’ असंही स्नेही पुष्कळदा म्हणतात. आमच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गानं नाकासमोर गेलं की कोल्हापूर लागतं. तिथे प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ बोलपट केला, 1932 साली. पार्श्वगायन रुळायच्या आधीचा काळ. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर उभं राहून खरोखर गात, आणि माइक चित्रात दिसू न देता त्यांच्याजवळ पोहोचवायचा हीच मोठी कसरत असे. त्याआधीच्या वर्षी मुंबईत ‘आलम आरा’ होत होता. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून अर्देशीर इराणींनी चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर केलं, आणि माइक नटांच्या आसपास दडवले. यंत्रं अवजड होती, पैसा तोकडा होता. तरी त्या माणसांनी रात्रीची झोप मोडली, पण माइक बोलणाऱ्यापासून लांब ठेवला नाही. आपण रात्री अकराला महामार्गालगतच्या कार्यालयात ट्रकच्या हॉर्नमध्ये लग्नातलं भाषण टिपतो आणि म्हणतो कंपनीनं माइक दिलाय.

ते जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’. धनगरांचा तळ, मेंढ्या, माळरान, उघड्यावरचं बोलणं. मोठे नट नाहीत, मोठा स्टुडिओ नाही. 2014 सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार या मराठी चित्रपटाला मिळाला. मेंढ्या बेंबटत असताना, वारा सुटलेला असताना माणसाची बोली नीट पकडता येते, हे देशानं मान्य केलेलं प्रमाण आहे. आपल्याकडच्या माळाला कुठला वेगळा वारा लागलाय?

वाऱ्यावरून आठवलं. पावसाळ्यात चाफळच्या वरच्या अंगाला सडावाघापूरच्या पठारावर उलट्या धबधब्यासाठी गर्दी लोटते. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. जिथे पाणी वर जातं तिथे माणसाच्या शब्दाचं काय होणार? तरी प्रत्येक रीलमध्ये एक पोरगा तोंड उघडून काहीतरी सांगत असतो आणि ऐकू येतं ते फडफडणारं ताडपत्रीचं छप्पर. बाहेरच्या माइकला निदान स्पंजची टोपी घालता येते, वर केसाळ टोपी चढवता येते. इंग्रजीत या केसाळ टोपीला मेलेलं मांजर म्हणतात. दिसतंही तसंच. कॅमेऱ्याच्या अंगातल्या दोन बारीक भोकांना टोपी घालणार कशी?

तसंच समर्थांच्या मारुतींचं. अकरा मारुतींपैकी सात आमच्या अवतीभवती आहेत: शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव आणि खुद्द उंब्रज. पोरं हौसेनं माहितीचे व्हिडिओ करतात, वाचून येतात, साल-शके पाठ करतात. आणि दगडी गाभाऱ्याच्या दारात सहा फुटांवरून बोलतात. दगड ती सगळी माहिती घुमवून परत देतो. खाली प्रतिक्रियांत लोक विचारतात, कोणता मारुती म्हणालात?

स्नेह्यांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी थबकतो. ते म्हणतात, माइक लावला की माणूस बिचकतो. खरंय. गावातला माणूस कॉलरला वायर लागली की सरळ बसतो, ‘मी असे सांगू इच्छितो’ सुरू करतो. त्याला माझं उत्तर अर्धंच आहे. दहा मिनिटं थांबा, आधी पीकपाण्याचं बोला, तो माइक विसरतो. नाहीच विसरला तर काठीला बांधून डोक्यावरून धरा, चित्राच्या जरा बाहेर. पण विसरला तर धोका वेगळाच. वायरलेस माइक लावलेला एक नवरदेव मानपानावरून आपल्या मेव्हण्याबद्दल मित्राजवळ जे पुटपुटला ते सगळं माझ्याकडे स्वच्छ आलं. मी ते पुसून टाकलं, फाइलही ठेवली नाही. माइक लावताना माणसाला सांगावं, आणि काम झालं की आठवणीनं काढावा. हे शिकवणं गुरूचं काम आहे, त्यापेक्षा माइकच नको म्हणणं सोपं.

आता थोडं माझ्या बाजूच्या लोकांवरही, कारण त्यांनीच बाहेरच्या माइकची अब्रू घालवली आहे. शॉटगन माइक घेतात, कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठोकतात आणि वीस फुटांवर उभे राहतात. शॉटगन दूरचं ओढून आणत नाही. तो फक्त बाजूचं कमी ऐकतो. अंगातला माइक वीस फुटांवर होता, हा साडेएकोणीस फुटांवर आला. पैसे फुकट, आणि वर ‘काय फरक पडला नाही बघा’ अशी साक्ष द्यायला मोकळे. दुसरे, मोबाइलची पिन कॅमेऱ्यात घालतात. पिनेवर काळ्या रेघा मोजा: कॅमेऱ्याला दोनवाली लागते, मोबाइलला तीनवाली. काही कॉलर माइकवर त्यासाठी बटण असतं, ते चुकीच्या बाजूला राहिलं की अख्खा साखरपुडा मुका. बटनसेल संपलेला. माइक शालूच्या जरीत, दर श्वासाला खरखर. पालच्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला भंडारा उधळला की वायरलेसची जाळी हळदीनं बुजते. तिथे वर टोपी हवीच. आणि एवढं सगळं करून कानाला हेडफोन नाही! चित्र बघितल्याशिवाय कुणी शूट करत नाही, आवाज मात्र देवावर.

अंगातला माइक टाकाऊ आहे असंही मी म्हणत नाही. पालचा ‘येळकोट’, पखवाजाचा घुमारा, पंगतीचा कलकलाट, हे तोच छान पकडतो. तो चालू ठेवा. मिक्सरमधून घेतलेल्या कोरड्या आवाजाखाली मी तो हलकासा सोडतो तेव्हा मांडव जिवंत होतो. माझं म्हणणं फक्त बोलणाऱ्या तोंडापुरतं आहे.

राहिला खर्च. आमच्याकडच्या लग्नाच्या रेटकार्डावर काय काय असतं? ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग, धुराचं मशीन. ड्रोननं टिपलेल्या चित्राला तर आवाजच नसतो. माइक हा शब्द एकाही कार्डावर मला अजून दिसलेला नाही. माझे स्नेही व्हीएचएसच्या काळात सनगन लावून शूटिंग करायचे, तेव्हा नुसता लाइट धरायला एक पोरगा आणि त्याची वायर गुंडाळायला दुसरा असायचा. उजेडासाठी दोन माणसं पोसली. आवाजासाठी हजार रुपयांची वस्तू जड झाली.

स्नेह्यांनी हे वाचून माझ्यावर रागवावं, हक्क आहे त्यांचा. पण एकदा माझ्या खोलीत या, दार लावून हेडफोन घाला आणि तुमच्याच पोरांनी केलेली चार लग्नं नुसती ऐका. चहा माझा.

आणि त्या पोराला. तुळशीची लग्नं झाली की तुझ्या तारखा सुरू होतील. पिशवीतली डबी काढ. बटनसेल नवा घाल, जास्तीचा खिशात ठेव. आत गेल्यावर आधी पंखा बंद करायला सांग, मग माइक लाव.